नवसातला काटा

"त्याला पाणी घालू नकोस. खत घालू नकोस. उगाच गोंजारायलाही जाऊ नकोस. त्याची जागा त्याला सोड आणि तू बाजूने चाल."

हे शब्द फेलिझमिनाबाईंचे. लेकीची पाठवणी करताना त्यांनी गाढवाच्या पाठीवर कपड्यांची पेटी बांधली, पेटीवर दोन घोंगड्या ठेवल्या आणि सगळ्यात वर ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक काळा, वाकडा बुडखा ठेवला. तो बुडखा म्हणजे मी. नवरी मुलगी देओलिंडा रडत होती. रडता रडताच तिने विचारलं, "आई, आणि मेला तर?"

"तो? तो नाही मरायचा. तू आपलं बघ," फेलिझमिनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी एक जुना कार्दो आहे. तुमच्या माळरानावर उंटकटारी असते ना, निळसर गोंड्याची, जिला गुरंसुद्धा वळसा घालून जातात? तिचा मी दूरचा भाऊबंद. पोर्तुगालमधल्या एस्त्रेला डोंगराच्या उतारावर फ्रागाल नावाचं मेंढपाळांचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या परसात, दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात मी पंचेचाळीस वर्षं उभा आहे. माझी पानं हातभर लांब आणि राखेच्या रंगाची. पानापानाच्या टोकाला काटा, कळीच्या प्रत्येक खवल्यालाही काटा. हे मी लाजून सांगत नाही. ज्याने गुलाबाला वास दिला त्यानेच मला काटे दिले. दोघांनाही दिलं ते विचार करूनच दिलं असणार.

माझाही एक नेम आहे. ऑगस्टच्या उन्हात मी जमिनीवरचं सगळं टाकून देतो. देठ वाळतात, पानं करपतात, बघणाऱ्याला वाटतं संपला. सप्टेंबरअखेर माती ओलावली की मी पुन्हा वर येतो. हिवाळाभर पानं धरतो, वसंतात दांडा काढतो, जुलैत फुलतो. हा नेम मी एकदाही मोडला नाही. आजारपणाची सबब सांगितली नाही, थंडीची सांगितली नाही.

परसातल्या बाकीच्यांना रोज पाणी मिळायचं. उंच दांड्याच्या कोबीला मिळायचं, कांद्याला मिळायचं, बटाट्याच्या वाफ्यात तर पाट सोडलेला असायचा. मला कुणी थेंब दिला नाही. मीही मागितला नाही. माझं मूळ पुरुषभर खोल गेलं होतं आणि खाली दगडांच्या फटीत माझ्यापुरता ओलावा होता.

शेजारच्या इदालिनाबाई कुंपणावरून डोकवायच्या. "अगं देओलिंडे, भाजीच्या वाफ्यात गाढवाचा खाऊ कशाला पोसतेस? उपटून टाक आणि चार वाल लाव."

देओलिंडा हळू आवाजात म्हणायची, "तुमचं गाढव आमच्याकडे जेवायला येतं ना, म्हणून ठेवलाय."

तिचा नवरा बेल्मिरो तर माझ्यावर चांगलाच चिडलेला. एकदा कुदळ घेऊनच आला. "तिसरी विजार फाडली याने! आज एक तर हा राहील नाही तर मी."

"विजार मी शिवून देईन," देओलिंडा म्हणाली. "आणि तुम्ही बाजूने चाला. दार एवढं मोठं आहे, काट्यातूनच जायचा नवस केलाय का?"

बेल्मिरोने कुदळ खांद्यावर टाकली आणि तो बाजूने गेला. माणूस तसा बरा होता.

आता माझं काम सांगतो. जुलैत माझ्या काटेरी कळीतून जांभळे तंतू बाहेर येतात, रेशमाच्या गोंड्यासारखे. दव सुकल्यावर, ऊन चढल्यावर ते हाताने उपटायचे. सावलीत वाळवायचे आणि फडक्यात बांधून ठेवायचे. हिवाळ्यात मेंढ्या व्यायल्या की चिमूटभर तंतू मिठाबरोबर खलात कुटायचे, पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी गाळून कोमट दुधात घालायचं. घटकाभरात दूध गोठतं. मग ते फोडून, हातांनी निवळी दाबून काढून, साच्यात घालून चीजचा गोल करायचा. इतर मुलखांत दूध गोठवायला कोकराच्या पोटातला रस काढतात. आमच्या डोंगरात निदान त्या कामासाठी कुणाला मरावं लागत नाही. माझं फूल पुरतं. ज्याला सगळे टोचका म्हणतात त्याच्यामुळे चीज लोण्यासारखं मऊ होतं, ही गोष्ट कोबीने कधी नीट ऐकून घेतली नाही.

देओलिंडाच्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. जानेवारीत बेल्मिरो कळप घेऊन वरच्या कुरणात गेला आणि मागून बर्फ आलं. तीन दिवस डोंगर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी देओलिंडा परसात आली. बर्फात माझीच तेवढी पानं उघडी होती. तिने माझ्यावर हात ठेवला. गोंजारायला नव्हे, चांगला घट्ट ठेवला. काटे तळहातात गेले तरी तिने काढला नाही.

"दिव्यांच्या माउली," ती म्हणाली, "माझा माणूस परत दे. मी जिवंत आहे तोवर दरवर्षी तुझ्या सणाला हंगामातलं पहिलं चीज पायी घेऊन येईन. या झाडाच्या फुलाने लावलेलं. त्या वर्षीच्या फुलाने. याला साक्षी ठेवून सांगते."

संध्याकाळी कुत्रं आलं. त्याच्या मागून मेंढ्या आल्या. सगळ्यांच्या मागून बेल्मिरो आला, भुवयांवर बर्फ घेऊन.

मित्रांनो, साक्षीदार होशील का असं मला कुणी विचारलं नव्हतं. पण नवसात आपलं नाव आलं की आलं. त्या वसंतात बेल्मिरोने स्वतःच्या हाताने माझ्याभोवती दगडांचं कडं रचलं. त्यानंतर त्याची विजार फाटली तरी तो चकार शब्द बोलला नाही.

दिव्यांच्या माउलीचं देऊळ दोन डोंगर पलीकडे आहे, चार तासांची वाट. दोन फेब्रुवारीला तिचा सण. त्रेचाळीस वर्षं देओलिंडा टोपलीत चीज घेऊन त्या वाटेने गेली. मुलगा लिओनेल पोटात असताना गेली, बेल्मिरो वारला त्या वर्षीही गेली. रोज सकाळी ती परसात माझ्याजवळ उभी राहून जपमाळ ओढायची. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. मणी सरकायचे तेवढा आवाज.

मग आमाया आली.

लिओनेल द्राक्षतोडणीच्या कामाला दरवर्षी सीमेपलीकडे स्पेनमध्ये, नवार्राच्या मुलखात जायचा. एका वर्षी तिथूनच लग्न करून बायको घेऊन आला. आमाया उंच होती, कामाला वाघ होती आणि सारखी गुणगुणायची. तिची बोली आमच्या बोलीची चुलत बहीण. दोन महिन्यांत ती आमच्यासारखं बोलायला लागली. सासूला 'आई' म्हणायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती परसात आली, मला पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"अगं बाई, कार्दो! इथेही?"

पंचेचाळीस वर्षांत मला पाहून कुणी टाळी वाजवली नव्हती. मी थोडा फुशारलो. ती माझी चूक.

नोव्हेंबरात तिने माझी सगळी पानं वर गोळा केली, गवताच्या दोरीने आवळून बांधली, भोवती पोतं गुंडाळलं आणि गळ्यापर्यंत माती चढवली. आत मिट्ट काळोख. मी कधी कुणाला घाबरलो नाही, पण उजेडाशिवाय माझं काही चालत नाही. माझी राखी पानं पांढरी पडायला लागली.

देओलिंडाने हे पाहिलं. इदालिनाबाईंनीही पाहिलं आणि कुंपणावरून विचारलं, "तुझी सून काट्याला कपडे घालते का गं?"

"बर्फापासून जपतेय," देओलिंडा म्हणाली. "याला थंडी वाजत नाही हे तिला ठाऊक नाही. पण माया आहे पोरीला. असू दे, मी नाही बोलणार काही."

मित्रांनो, इथेच घोळ झाला. देओलिंडा बोलली नाही कारण तिला सुनेची माया मोडायची नव्हती. आमायाने विचारलं नाही कारण विचारण्यासारखं काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या मुलखात कार्दो ही नाताळची भाजी. तिथे तो दरवर्षी नवा पेरतात, हिवाळ्याच्या तोंडाशी असाच बांधून, झाकून पांढरा करतात आणि सणाला बुडातून कापतात. मूळ कुणी ठेवत नाही. फुलाची वाट तर कुणीच बघत नाही. आमच्याकडे त्याच झाडाच्या देठाला कुणी विळी लावली तर बायका छातीवर क्रूसाची खूण करतील.

नाताळच्या आदल्या दिवशी आमाया फावडं घेऊन आली. जमिनीखाली चार बोटं जाऊन तिने मला कापलं. गुणगुणत कापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन ठिकाणी होतो. मुळं मातीत आणि देठ ताटात, बदामाच्या दाट पांढऱ्या रश्श्यात. म्हणून तिथलं बोलणं मला ऐकू आलं.

"काय भाजी आहे गं ही?" देओलिंडाने विचारलं. "थोडी कडवट आहे, पण छान लागतेय. लिओनेल, घे ना अजून."

"आमच्याकडे याच्याशिवाय नाताळ होत नाही, आई," आमाया म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "तुम्हाला आवडेल याची खात्रीच होती मला. तुमच्या परसातलाच तर आहे, कुंपणाच्या कोपऱ्यातला."

देओलिंडाने हातातला काटाचमचा ताटात ठेवला. अगदी हळू ठेवला, आवाज होऊ नये असा. उठली आणि डोक्यावर काही न घेता पावसात बाहेर आली. दगडांच्या कड्यात मऊ उकरलेली माती होती. आमायाने तिथे लसूण लावायला रेघासुद्धा आखल्या होत्या.

देओलिंडा ओरडली नाही. ती कधीच ओरडत नसे. कड्याच्या एका दगडावर बसली आणि बसून राहिली.

घरात आमाया लिओनेलला विचारत होती, "काय झालं? मी काय केलं?" लिओनेलने नवसाचं सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"काट्याबद्दल काय सांगायचं असतं?" लिओनेल म्हणाला. "तो असतोच."

तो असतोच! मित्रांनो, आयुष्यात माझ्यावर कुदळ आली, फावडं आलं. पण लागलं ते हे वाक्य.

त्या वर्षीचं पहिलं चीज आठ डिसेंबरलाच लावून झालं होतं, म्हणून त्या फेब्रुवारीत देओलिंडा नेहमीप्रमाणे जाऊन आली. पण पुढल्या वर्षीचं काय? फुलांचं फडकं ईस्टरपर्यंत रिकामं होणार होतं. आणि नवस त्या वर्षीच्या फुलाचा होता. इदालिनाबाई म्हणाल्या, "माझ्या कुंपणाबाहेरची फुलं ने की. फूल ते फूल." गावचे पाद्रीबाबाही म्हणाले, "देओलिंडाबाई, माउली समजून घेईल."

"माउली घेईल हो समजून," देओलिंडा म्हणाली. "मीच नाही घेणार."

घरात बोलणं थांबलं. म्हणजे देओलिंडा सुनेशी थेट बोलेना. आमाया समोर उभी असली तरी ती म्हणायची, "लिओनेल, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय."

लिओनेल मान खाली घालून सांगायचा, "दूध उतू जातंय."

"ऐकलं मी," आमाया म्हणायची. तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

आणि मी? मी मेलो असं सगळ्यांनी धरलं होतं. कोबीने तर माझ्या जागेकडे पान पसरायला सुरुवात केली होती. पण फावडं चार बोटं खोल गेलं होतं, मी पुरुषभर खोल होतो. फेलिझमिनाबाई काय म्हणाल्या होत्या? नाही मरायचा. कुणीतरी आपल्याबद्दल इतक्या खात्रीने बोललं असलं की ते खोटं पाडायला जिवावर येतं. मी चिरलेल्या बुडाच्या कडेने एक कोंब फोडला. फेब्रुवारीच्या शेवटी नखाएवढं राखी पान मातीबाहेर काढलं. त्या पानालाही काटा होता, बरं का.

ते पहिल्यांदा पाहिलं आमायाने. ती गुडघ्यांवर बसली आणि रडली. लसणाच्या रेघा तिने हातांनी पुसून टाकल्या. आणि त्या दिवसापासून ती मला जपायला लागली. मित्रांनो, फावड्यापेक्षा मी त्या जपण्याला घाबरलो. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. थंडी वाजू नये म्हणून पाणी कोमट करून आणायची. मेंढ्यांचं ओलं खत माझ्या गळ्याशी थापायची. "वाढ रे बाबा," म्हणायची, "वाढ."

माझं बूड फुगलं. जखम बुळबुळीत झाली. नवं पान पिवळं पडलं. पान पिवळं पडलं म्हणून ती आणखी पाणी घालायला लागली.

देओलिंडा खिडकीतून बघत होती. जपमाळ तिथेच ओढायची, परसात येत नव्हती. एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. बाराव्या दिवशी मणी मध्येच थांबले. दार उघडलं. ती चपला न घालता आली आणि आमायाच्या हातातली झारी तिने धरली.

"पाणी घालू नकोस."

नाताळनंतर सुनेशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. तिच्या आईचेच शब्द. आमाया झारी सोडेना, देओलिंडा सोडेना. पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

"मग काय घालू?" आमाया हुंदका देत म्हणाली. "काहीतरी घालायला नको का? मीच कापलंय ना!"

"काही घालायचं नाही. याला सोसतं, पण लाड सोसत नाहीत. बस इथे. बघ."

देओलिंडा वाकली. तिचे गुडघे वाजले. बोटांनी तिने खत बाजूला केलं, माती उकरून माझा गळा वाऱ्याला उघडा केला. चाकूने कुजका भाग निरोगी गरापर्यंत कापला. चुलीतली राख आणवली आणि जखमेवर भुरभुरली. तिने कापलं तेव्हा मला दुखलं नाही असं नाही. पण कापणाऱ्याला काय हवंय हे मला समजत होतं.

"आमच्याकडे कार्दो पाण्यावरच वाढतो, आई," आमाया हळूच म्हणाली. "कोवळा, पांढरा. काटेसुद्धा फार नसतात."

"तो तुमच्याकडचा. हा आमच्याकडचा आहे. तापट आहे, कुणाचं ऐकत नाही, बोलत नाही आणि मनात ठेवतो."

आमायाने डोळे पुसले. "म्हणजे तुमच्यावर गेलाय."

देओलिंडाने राखेचे हात झटकले. मग देओलिंडा हसली. इतकी हसली की तिला माझ्या कड्याचा दगड धरावा लागला. कुंपणापलीकडून इदालिनाबाई ओरडल्या, "काय झालं गं? मेला का काटा?"

"नाही हो," आमाया म्हणाली, "सासूबाई जिवंत झाल्या!"

त्या दिवशी देओलिंडाने तिला सांगितलं ते मी मुद्दाम तुम्हालाही सांगतो. पाणी द्यायचं ते फक्त कोवळ्या रोपाला, पहिल्या वर्षी. मग नाही. ऊन पुरेपूर हवं. गळ्याशी पाणी साचू द्यायचं नाही. भोवतीची जागा मोकळी ठेवायची, कारण मी ऐसपैस बसतो. उन्हाळ्यात वाळलो की मेला म्हणून उपटायचं नाही, वाट बघायची. आणि कुणाला काय हवं ते त्यालाच विचारायचं, आपल्या माहेरी काय चालतं ते धरून चालायचं नाही. हे शेवटचं वाक्य बोलून देओलिंडा म्हणाली, "मीही विचारायला हवं होतं तुला. पोतं गुंडाळलंस तेव्हाच."

मे महिन्यात मी दांडा काढला. दरवर्षी सात-आठ दांडे असायचे, या वर्षी एकच. त्यावर तीन कळ्या. आमाया रोज मोजायची, जणू तीनच्या चार होणार होत्या.

जूनमध्ये तीनच्या दोन झाल्या. इदालिनाबाईंचं गाढव दोर तोडून परसात आलं आणि सरळ माझ्याकडेच आलं. पंचेचाळीस वर्षं त्याच्या खानदानाने माझ्यावर डोळा ठेवला होता. एक कळी त्याने खाल्ली. दुसरीला तोंड लावलं तेव्हा मी होते नव्हते तेवढे काटे त्याच्या ओठात रुतवले. ते असं किंचाळलं की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. आमाया पिठाचे हात घेऊन धावत आली. मागून इदालिनाबाई आल्या, तोंड पांढरं पडलेलं.

"गाढवाचा खाऊ म्हणत होते ना मी," त्या पुटपुटल्या. "माझ्याच जिभेला काटा लागो." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः माझ्याभोवती झुडपांचं कुंपण घातलं. गाढवाला त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही.

दोन फुलांत एकच चीज होतं, तेही लहान. "माउलीने मोठं कधी मागितलं होतं?" देओलिंडा म्हणाली.

जुलैत मी फुललो. दोनच गोंडे, पण असे जांभळे की मधमाशांनी इदालिनाबाईंचा अख्खा लॅव्हेंडर सोडला. आमायाने ऊन चढेपर्यंत वाट पाहिली. दव पूर्ण सुकलं आहे ना हे तिने गालाला लावून पाहिलं. मग एकेक तंतू काढला. मी टोचलं. टोचणं माझा स्वभाव आहे. तिनेही हात मागे घेतला नाही. तंतू माउलीच्या तसबिरीखाली कागदावर, सावलीत वाळले. फडकं एवढंसं झालं, मुठीत मावेल असं.

आठ डिसेंबरला देओलिंडाने खल पुढे ओढला. पण तिची बोटं सांध्यांत सुजली होती, मूठ वळत नव्हती. चीज करणाऱ्या बाईचे हात थंड लागतात, गरम हातांत चीजचं लोणी होतं, असं आमच्या डोंगरात सगळ्या बायका सांगतात. देओलिंडाने आमायाचे हात आपल्या हातांत घेतले.

"थंड आहेत," ती म्हणाली. "दगडासारखे. देवाने बघूनच दिलेत. कर तू."

दुसरं फूल नव्हतं. चुकलं तर संपलं. आमायाने माझे तंतू मिठाबरोबर कुटले, भिजवले, फडक्यातून पिळले. तपकिरी पाणी दुधात गेलं. मी त्या दुधात होतो, मित्रांनो. फावड्याने चिरलेला, पाण्याने कुजवलेला, गाढवाने चावलेला. माझ्यात ताकद उरली आहे का हे मलाही ठाऊक नव्हतं. दोघी चुलीपाशी बसून होत्या. देओलिंडाचे मणी सरकत होते. आमायाला तो जप येत नव्हता, ती नुसते ओठ हलवत होती.

घटका झाली. दूध दूधच होतं.

अजून थोडा वेळ गेला. देओलिंडाने लाकडी चमचा मधोमध ठेवला आणि हात काढला. चमचा उभा राहिला.

आमायाने सासूला अशी मिठी मारली की जपमाळ तुटायचीच. "सोड गं," देओलिंडा म्हणाली, "हात गरम होतील."

चीजचा तो लहानसा गोल आठ आठवडे फळीवर होता. आमाया रोज तो उलटायची, पुसायची, कडेला बांधलेली कापडाची पट्टी बदलायची.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याइतका मी मऊ नाही, तरी एक सांगतो. तुमच्याही परसात कुणीतरी 'असतोच' असा असेल. तो मागत नाही म्हणून त्याला विसरू नका. आणि आठवण झाली की एकदम झारी घेऊनही धावू नका. आधी जवळ बसा. त्याला काय सोसतं ते बघा. माझी कीव कुणी करू नये. मी कापला गेलो तरी उगवतो. पण ज्यांना पुन्हा उगवता येत नाही असेही असतात. बोलण्याच्या राहून गेलेल्या गोष्टी तशाच असतात.

आज दोन फेब्रुवारी. उजाडतंय. रात्री थोडं बर्फ पडून गेलंय आणि माझी नवी पानं, यंदा पुन्हा हातभर झालेली, त्यातून वर आली आहेत. महिनाभर देओलिंडाला उजव्या गुडघ्यावर भार टाकता येत नाही. परवा काठी घेऊन ती दारापासून माझ्यापर्यंत चालून बघत होती. एवढ्या अंतरात चारदा थांबली. लिओनेल म्हणाला, "गाडीने सोडतो." ती म्हणाली, "मी पायी बोलले होते."

आता ती दारातून आली आहे. अंगावर काळी शाल, हातात टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. माझ्यापर्यंत आली आणि कड्याच्या दगडावर टेकली. फाटक अजून वीस पावलं आहे.

फाटकाशी आमाया उभी आहे. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, डोक्याला रुमाल. किती वेळ उभी आहे कोण जाणे, खांद्यांवर बर्फाचे कण आहेत.

"नवस माझा आहे," देओलिंडा तिला म्हणते.

"हो, आई. नवस तुमचाच. मी फक्त पाय आणलेत."

देओलिंडा टोपलीवरचं फडकं नीट करते. मग माझ्यावर हात ठेवते, तसाच, घट्ट. त्याच हाताने टोपली पुढे करते.

"वाटेत खाली ठेवू नकोस. दुसऱ्या डोंगराला वारा असतो, बाजूने चाल."

आमाया टोपली घेते. वळताना तिचा घागरा माझ्या पानात अडकतो. ती ओढत नाही. वाकते, एकेक काटा सोडवते, फाटकाची कडी हळूच लावते आणि डोंगराच्या वाटेला लागते.